इंटरनेटशिवाय ज्ञानकोश : काही नेहमीचे प्रश्न

सार्वजनिक पाणवठे, शाळा आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. तरीही तळ्याचे पाणी ओंजळीत यायला मार्च १९२७ चा सत्याग्रह व्हावा लागला. कागदावर खुले असणे आणि प्रत्यक्ष हाताला लागणे यांत किती अंतर असते, हे आपल्याइतके दुसरे कोण जाणते?

इंटरनेटवरील ज्ञानकोश आज असेच खुले आहेत. त्यांना हात लावू नका, असे कोणी म्हणत नाही. पण रिचार्ज संपला, वस्तीत रेंज नसली किंवा सरकारनेच सेवा तोडली, की ते मिटतात. जम्मू-काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ मध्ये इंटरनेट बंद करण्यात आले. मोबाइलवरील वेगवान सेवा सर्वत्र पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडले. तेव्हा ज्ञान साठवून आपल्या वस्तीत ठेवणे ही केवळ सोय नव्हे, ती चळवळीची गरज आहे. ह्याविषयी विद्यार्थी आणि कार्यकर्ते मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे देतो.

संपूर्ण विकिपीडिया उतरवून घेता येतो काय?

होय. त्यासाठी किविक्स नावाची मोफत प्रणाली आहे. ती संगणकावर आणि फोनवर चालते. ज्ञानकोशाची सगळी पाने दाबून एका फाईलमध्ये भरलेली असतात. ह्या फाईलच्या प्रकाराला झिम म्हणतात. फाईल एकदा उतरवली, की पुढे इंटरनेट लागत नाही. शब्द घालून शोध घेता येतो, एका लेखातून दुसऱ्या लेखात जाता येते. मराठी विकिपीडिया, विकिस्रोत आणि शब्दकोशही अशा रीतीने मिळवता येतात. बाहेरच्या संकेतस्थळांचे दुवे मात्र उघडत नाहीत, आणि लेखामागची चर्चा व दुरुस्त्यांचा इतिहास फाईलमध्ये नसतो.

जागा किती लागते?

चित्रांसह संपूर्ण इंग्रजी विकिपीडियाला शंभर जीबीहून अधिक जागा लागते. चित्रे वगळलेली फाईल पुष्कळ लहान असते, आणि लेखांचा केवळ आरंभीचा भाग असलेली त्याहूनही लहान. मराठी विकिपीडिया त्या मानाने फारच छोटा. तो साध्या फोनमध्ये मावतो. येथे एक अडचण अनेकांना येते. कार्डावर जागा शिल्लक असूनही मोठी फाईल त्यात जात नाही. पुष्कळ कार्डे आणि पेनड्राइव्ह अशा जुन्या पद्धतीने आखलेले असतात, की त्यांत चार जीबीपेक्षा मोठी एकच फाईल बसत नाही. ते एक्सफॅट पद्धतीने पुन्हा आखून घ्यावे. परंतु तसे करताना आतले सर्व पुसले जाते, म्हणून आधी नक्कल काढून ठेवावी.

एका उतरवलेल्या फाईलचा उपयोग सर्वांना कसा होईल?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वसतिगृहात, वाचनालयात किंवा बुद्धविहारात एक जुना संगणक आणि एक वायफायचे यंत्र असले तरी पुरे. किविक्स त्या संगणकावरून पाने वाटू शकते. मुलांनी आपला फोन त्या वायफायला जोडायचा आणि नेहमीच्या ब्राउझरमध्ये ज्ञानकोश उघडायचा. बाहेरचे इंटरनेट मुळीच लागत नाही. फाईल एकाने उतरवायची, वापरायची सर्वांनी.

बाबासाहेबांचे ग्रंथ असे मिळतात काय?

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या खंडांपैकी बरेच खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात आहेत. ते उतरवून ठेवावेत. मात्र पीडीएफमध्ये शोध लागेलच असे नाही. पाने नुसती छायाचित्रे असतील, तर आतला शब्द सापडत नाही. युनिकोडपूर्वीच्या टंकांत जुळवलेला मराठी मजकूर डोळ्यांना दिसतो, पण शोधाला सापडत नाही. अशा ग्रंथांची विषयसूची हाताने करावी. अभ्यासवर्गासाठी ते उत्तम काम आहे.

नकला वाटणे कायद्याला धरून आहे काय?

विकिपीडियाचा मजकूर, श्रेय देऊन आणि पुढच्यालाही तोच अधिकार देऊन, कोणीही वाटावा असा आहे. इतर ग्रंथांबाबत आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साधारणतः साठ वर्षे स्वामित्वहक्क चालतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे ग्रंथ २०१७ च्या आरंभापासून मुक्त झाले. पण आजच्या दलित लेखकाचे पुस्तक फुकट फिरवू नये. आपले लेखक आणि आपले छोटे प्रकाशक आधीच तोट्यात छापतात. त्यांचे पुस्तक विकतच घेतले पाहिजे.

साठवलेल्या माहितीवर विश्वास किती ठेवावा?

फाईल ज्या महिन्यात तयार झाली, त्या महिन्यापर्यंतचेच ज्ञान तिच्यात असते. वर्ष आणि महिना फाईलच्या नावात लिहिलेला असतो; नवे हवे असेल, तर पूर्ण फाईल पुन्हा उतरवावी लागते. शासकीय योजना, शिष्यवृत्त्या, न्यायालयाचे निकाल यांसाठी ताजा आधार पाहिल्याशिवाय बोलू नये. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. ज्ञानकोश माणसेच लिहितात आणि त्यांच्या दृष्टीच्या मर्यादा लेखांत उतरतात. जातीविषयीचे, चळवळीविषयीचे लेख मूळ ग्रंथांशी ताडून पाहावेत.

आपल्या गावचा सत्याग्रह, आपले शाहीर, आपल्या वस्तीने चालवलेले वसतिगृह यांची नोंद शोधून सापडली नाही, तर तो दोष फाईलचा नसतो. ती नोंद कोणी केलेलीच नसते. विकिपीडियात लिहिण्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही, फक्त छापील आधार लागतो, आणि तो आपल्या जुन्या नियतकालिकांत, स्मरणिकांत, अहवालांत पडून आहे. इंटरनेट हाती असेल त्या दिवशी त्यातून एक नोंद लिहावी. पुढच्या वर्षी उतरवलेल्या फाईलमध्ये ती आपल्याच वसतिगृहातल्या मुलाला सापडेल.