पाणी तापतंय, पण रॉड चांगला आहे का?

देवासला आमच्या घरी पूर्वी तांब्याचा बंब होता. दिवाळीच्या आधी आजी तो चिंचेने घासायची आणि आतून पांढऱ्या खपल्या पडायच्या. पुढे बंब माळ्यावर गेला आणि बादलीत सोडायचा रॉड आला. खपल्या मात्र तशाच राहिल्या. आता त्या रॉडवर चढतात.

गेल्या थंडीत पाणी तापलं का बघायला आजीने स्टीलच्या बादलीला हात लावला आणि तिला जोराचा झटका बसला. मागे उंबरा होता. ती भिंतीला धरून राहिली म्हणून वाचली. वायरमनकाकांनी रॉड पाहिला तर नळीला केसाएवढी चीर पडलेली होती. आम्ही सगळे एकच म्हणत होतो, ‘‘पण पाणी तर तापत होतं!’’ आमची चूक इथेच होती. रॉड तापवतो तोवर तो चांगला, असं आपण धरून चालतो. खरं तर रॉडचं तापवणं थांबण्याच्या कितीतरी आधी त्याचा भरवसा संपलेला असू शकतो.

रॉडच्या आत नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची, वेटोळी तार असते. ही मिश्रधातू अल्बर्ट मार्श या अमेरिकन माणसाने शोधली आणि १९०६ साली तिचं पेटंट घेतलं. तापली की तिच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो आणि तोच तिला जळण्यापासून वाचवतो. तार आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली असते. ही पूड उष्णता बाहेर जाऊ देते, वीज नाही. पण तिला ओल सोसत नाही. नळीला चीर पडली किंवा वरच्या टोपणाचं सील सुटलं की ओल आत शिरते आणि मग वीजही बाहेर यायला लागते.

चीर पडते कशाने? आमच्याकडे तरी मुख्य कारण पाणीच. माळव्याच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. धार जिल्ह्यात बाघच्या बाजूला तर चुनखडकच आहे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली उतरतं आणि चुना विरघळवून घेतं. तेच पाणी तापवलं की विरघळलेला चुना परत घट्ट होतो आणि सर्वांत गरम जागी, म्हणजे रॉडवरच, बसतो. देवासला तळी मागे पडली, बोअर वाढले, १९९० साली तर इंदूरहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. बोअरचं पाणी खडकात जास्त मुरलेलं, म्हणून जास्त जड. (आमच्या ‘मीठा’ तलावाचं नाव ऐकून पुण्याचे पाहुणे पाणी खारट समजतात. हिंदीत मीठा म्हणजे गोड!) धारच्या मावशीकडे नळाचं पाणी आहे. तिने आमच्याच दुकानातून घेतलेला तसाच रॉड पाचव्या थंडीत चालू आहे. आमचा दुसऱ्याच थंडीत गेला.

चुन्याचा थर उष्णता अडवतो. पाण्यात जायची उष्णता आतच साठते, नळी नको इतकी तापते, आणि रोजच्या तापण्या-निवण्यात ती एक दिवस तडकते. १५०० वॅटचा नवा रॉड १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला साधारण १८ मिनिटं घेतो. थर चढला तरी हा वेळ फारसा वाढत नाही, म्हणून घड्याळावर न विसंबता रॉडवरचा थर डोळ्यांनीच बघायचा.

तो काढायला चाकू लावू नका, वरचा मुलामा निघतो. संडास साफ करायचं ॲसिड तर मुळीच नको, ते धातूच खातं. प्लग काढून, रॉड थंड झाल्यावर, व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन फक्त धातूचा भाग तासभर बुडवून ठेवायचा. बुडबुडे येतात, तो चुन्यातला कार्बन डायऑक्साइड. टोपण मात्र कोरडंच राहिलं पाहिजे.

होस्टेलमध्ये हल्ली ‘कॉईल किती दिवस टिकते’ ही चौकशी रॉडबद्दल नसते, ई-सिगारेटबद्दल असते. तिथेही तापणारी तारच असते, फक्त पाण्याऐवजी गोडसर द्रव असतो. तो जळून तारेवर काळा थर धरतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत करपट चव येते. ते करपलेलं बादलीत उतरत नाही, छातीत जातं. २०१९ च्या कायद्याने तिची विक्री देशभर बंद आहे, त्यामुळे आत काय भरलंय हे विचारायलाही कोणी नाही. ती कॉईल टिकवायचा उपाय मी सांगणार नाही.

रॉडकडे परत. १५०० वॅटला साडेसहा अँपिअर लागतात, म्हणून सॉकेट १६ अँपिअरचंच हवं आणि प्लगची जाड पिन शाबूत हवी. आमच्याकडे दोन पिनांचा जोड लावलेला होता. अर्थिंग असतं तर आजीला तो झटका बहुधा बसलाच नसता. आधी रॉड खुणेपर्यंत बुडवा, मग बटण चालू करा. काढताना उलट, आणि बंद केल्याशिवाय बोट बुडवायचं नाही. पावसाळाभर मोरीत टांगलेला रॉड थंडीच्या पहिल्या दिवशी थेट लावू नका. वायरमनकडून मेगर लावून तपासून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

आमच्या नव्या रॉडची व्हिनेगरची पाळी एक रविवार आड असते आणि ती माझ्याकडे आहे. आजी तिचं पाणी अजून गॅसवरच तापवून घेते.