चाळीच्या गॅलरीतली तुळस आणि पौषातले वारे

कार्तिकात ऊस, चिंचा आणि आवळे मांडून जिचे लग्न गिरगावातल्या चाळीचाळींतून थाटाने लागले, तीच तुळस पौष सरता सरता पाने गाळून नुसत्या काटक्यांनिशी उभी दिसते, तेव्हा घरातली वडील माणसे ‘थंडीने गेली’ म्हणून हळहळतात. त्या हळहळीत सत्याचा अंश असला, तरी सारा दोष थंडीच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही.

मुंबईच्या थंडीची दप्तरी नोंदच पाहावी. सांताक्रूझच्या वेधशाळेत जानेवारी १९६२ मध्ये पारा ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला, हा तिथला नीचांक; आणि समुद्राच्या शेजाराने गिरगाव-दादरकडच्या रात्री त्याहूनही उबदार असतात. झाड जाळणारे दहिवर पाहायचे, तर महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी जावे. निरभ्र, निर्वात रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकीत राहते, गारठलेली जड हवा सखल जागी साचते आणि पहाटे पानांवरचे दव गोठते. निफाडचे द्राक्षबागायतदार अशा पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि वेलींना पाणी देतात; कारण विहिरीचे पाणी त्या हवेपेक्षा ऊनच असते आणि ओली माती दिवसाची उष्णता अधिक साठवून ठेवते. वर्षभराचे पीक एका पहाटेत हातचे जाऊ शकते, म्हणून हा जागता बंदोबस्त.

आपल्या गॅलरीतल्या कुंडीवरचे संकट निराळे आहे. या दिवसांत रात्री आणि सकाळी वारा ईशान्येकडून, जमिनीवरून येतो व तो शुष्क असतो. पाने भराभर ओलावा गमावतात आणि गार मातीतली मंदावलेली मुळे तो तितक्या त्वरेने भरून काढू शकत नाहीत. त्यात रात्री थंड हवेचा थर जमिनीलगत बसून राहिल्याने धूळ वर विरून जात नाही. लालबाग-परळला, जिथे गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहत आहेत, तिथे तर पानांवर तिची पुटेच चढतात. धुळीखालच्या पानाला प्रकाश कमी मिळतो आणि कोरड्या हवेत लाल कोळी ही सूक्ष्म कीड फोफावते. म्हणून आठवड्यातून एकदा सकाळी पाने दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवावीत, म्हणजे दुपारपर्यंत ती वाळतात.

परंतु अधिक झाडे दगावतात ती आपल्या मायेने. स्नानानंतर तुळशीला तांब्याभर पाणी घालण्याचा नेम मला प्रिय आहे आणि तो मोडावा असे मी म्हणणार नाही. मात्र वाढ थांबलेल्या झाडाला तितके पाणी पेलत नाही, कुंडीचा तळ ओला राहतो आणि मुळे कुजतात. नेमाचे पाणी पळीभर घालावे, आणि बोटाच्या पेराएवढी माती कोरडी लागेल तेव्हाच पोटभर द्यावे. तेही ऊन आल्यावर, कारण गच्चीवरच्या टाकीतले पाणी पहाटे गारठलेले असते. मंजिऱ्या येताच खुडाव्यात, कारण बी धरू लागलेली तुळस पाने सोडते. दोन-चार मंजिऱ्या तेवढ्या बियांसाठी राखाव्यात. प्लॅस्टिकची पिशवी घालून तिला झाकण्याचे येथे प्रयोजन नाही. आत दमटपणा कोंडून बुरशी मात्र येते.

उन्हाची तजवीज अधिक महत्त्वाची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे उत्तरेच्या गॅलरीत ऊन पोहोचतच नाही. तिथल्या कुंड्या तेवढ्या दिवसांपुरत्या दक्षिणेच्या खिडकीत किंवा गच्चीवर न्याव्यात. चाळीत त्यासाठी शेजाऱ्यांची संमती लागते, आणि ती बहुधा मिळते.

याच हंगामात शेवंती, झेंडू आणि गुलाब भरात असतात. १८६२ साली खुल्या झालेल्या राणीच्या बागेतले पालिकेचे पुष्पप्रदर्शनही याच सुमारास भरते. मोगऱ्याला मात्र विश्रांती हवी. मार्गशीर्षात त्याची छाटणी करून पाणी तोडावे, खताचा मोह आवरावा, आणि पुढे नवे धुमारे दिसू लागले की शेणखत देऊन पाणी हळूहळू वाढवावे. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी तो कळ्या धरतो.