रविवारची बंद दुकाने

जर्मनीत नव्याने राहायला गेलेल्या मराठी कुटुंबाची पहिली तक्रार बहुधा रविवारची असते. दूध संपलेले, कोथिंबीर आणायची राहिलेली आणि पेठ सगळी बंद. रिकाम्या बाटल्या टाकायच्या पेटीवरसुद्धा रविवारी बाटल्या टाकू नयेत अशी सूचना असते, कारण काच फुटल्याच्या आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होतो. निवासी भागात गवत कापायचे यंत्रही त्या दिवशी चालवता येत नाही. मग ही माणसे कोरडी, नियमांना चिकटलेली, असा निकाल लावून आपण मोकळे होतो. परदेशात खटकलेली प्रत्येक गोष्ट तिथल्या लोकांच्या स्वभावावर ढकलणे मला पटत नाही. ज्याला आपण स्वभाव म्हणतो, तो पुष्कळदा भांडून मिळवलेला आणि कायद्यात बसवलेला करार असतो. जर्मन रविवार हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

रविवारच्या विश्रांतीचा पहिला राजहुकूम रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 मध्ये काढला, हे खरे. पण कारखान्यांची धुराडी पेटली तेव्हा त्या जुन्या हुकुमाने मजुराला सुटी मिळाली नाही. जर्मनीतल्या उद्योगांत रविवारची विश्रांती बंधनकारक झाली ती 1891 च्या कामगार संरक्षण कायद्याने. 1919 च्या वायमार राज्यघटनेने त्या दिवसाला संरक्षण दिले आणि 1949 च्या घटनेने ते कलम तसेच उचलले. पुढे बर्लिनने नाताळापूर्वीच्या चारही रविवारी दुकाने उघडायला परवानगी दिली, तेव्हा दोन्ही प्रमुख चर्च न्यायालयात गेली. 2009 मध्ये घटना न्यायालयाने ती सरसकट सूट घटनाबाह्य ठरवली; दुकानदाराचा धंदा आणि गिऱ्हाइकाची रोजची खरेदीची हौस एवढे कारण अपवादाला पुरत नाही, असे त्याचे म्हणणे. पेट्रोल पंप, रेल्वे स्थानकातली दुकाने, पाळीपाळीने उघडी राहणारी औषधालये यांना मुभा आहेच. आपल्यालाही हा लढा परका नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुटी मागितली आणि 1890 मध्ये मालकांनी रविवार मान्य केला. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणजे श्रद्धेचा आधार इकडेही होताच. फरक पुढे पडला: तिकडे ही सुटी दुकानातल्या विक्रेत्यापर्यंत पोहोचली, आपल्याकडे किराणा दुकानातल्या पोऱ्याला ती अजून मालकाच्या मर्जीने मिळते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दोन्ही मोठ्या चर्चचे सदस्य मिळून आता जर्मनीच्या निम्म्या लोकसंख्येपेक्षाही कमी आहेत. मग ज्यूंनी, मुसलमानांनी, हिंदूंनी ख्रिस्ती वार का पाळावा? वार इतिहासाने ठरवला, यात वाद नाही. पण प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी सुटी दिली, तर तास तेवढेच मिळतात आणि सोबत हरवते. आई मंगळवारी मोकळी, वडील गुरुवारी, मुलांची शाळा दोन्ही दिवशी. गावोगावची फुटबॉल मंडळे आणि गायनवृंद चालतात ते बहुतेकांना एकाच वेळी मोकळीक असते म्हणून. परिचारिका आणि बसचालक रविवारीही राबतात, हे मान्य. पण काहींना राबावे लागते म्हणून सगळ्यांनी राबावे, हा युक्तिवाद उलटाच आहे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण. हेसेन राज्यात नोकरच नसलेली छोटी स्वयंचलित दुकाने निघाली. तिथे कुणाची सुटी बुडत नव्हती, तरी 2023 मध्ये राज्याच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने ती रविवारी बंदच ठेवायला लावली. मला तो निर्णय ताणलेला वाटतो. कामगाराचे रक्षण हा कायद्याचा गाभा असेल, तर इथे रक्षण करायला कामगारच नव्हता. खुद्द हेसेनलाही तो पचला नाही. 2024 मध्ये विधिमंडळाने कायदा बदलला आणि 120 चौरस मीटरपर्यंतच्या अशा दुकानांना रविवार खुला केला. मोठी दुकाने, जिथे गल्ल्यावर माणूस बसतो, ती मात्र बंदच ठेवली.