गाडी अचानक जास्त पेट्रोल पितेय? ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी 'या' गोष्टी तपासा

मायलेज घसरलंय, सायलेन्सरमधून काळा धूर येतोय, पेट्रोलचा वास जाणवतोय आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा पेटलाय. पेट्रोल कारमध्ये ही लक्षणं एकत्र दिसली, तर इंजिन 'रिच' चालत असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी अनेकदा थेट ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. दोष मात्र दुसरीकडेच असू शकतो.

रिच म्हणजे काय?

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. त्या प्रमाणात पेट्रोल जास्त झालं, की मिश्रण रिच होतं. थंड इंजिन सुरू होताना थोडा वेळ असं होणं स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही तेच राहिलं, तर बिघाड समजावा. धूर निळसर असेल, तर मात्र ऑईल जळतंय.

स्कॅनर काय सांगतो?

ओबीडी स्कॅनरवर पी०१७२ हा कोड म्हणजे 'मिश्रण रिच'. ऑक्सिजन सेन्सरच्या माहितीवरून ईसीयू पेट्रोल कमी करत जातो. ही कपात मर्यादेपलीकडे गेली, की कोड नोंदवला जातो. म्हणजे सेन्सर बऱ्याचदा खरी तक्रार पोहोचवत असतो. स्कॅनरवर 'फ्युएल ट्रिम'ही पाहा. उणे १० टक्क्यांपर्यंतचा आकडा सहसा चालतो, उणे २० म्हणजे नक्कीच गडबड.

काय तपासायचं?

• एअर फिल्टर आणि एअरफ्लो सेन्सर: फिल्टर तुंबलाय का, सेन्सरवर धूळ बसलीय का, हे आधी पाहा. हे काम सर्वांत स्वस्त.

• कूलंट तापमान सेन्सर: तापलेल्या इंजिनात साधारण ८० ते १०० अंश दिसायला हवेत. ४० दिसले, तर ईसीयू इंजिन थंडच समजून पेट्रोल वाढवतो. थर्मोस्टॅट उघडा अडकला, तरीही इंजिन नीट तापत नाही.

• स्पार्क प्लग: एकाच प्लगवर काजळी असेल, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर गळत असू शकतो. सगळेच काळे असतील, तर कारण सामाईक आहे.

• फ्युएल प्रेशर आणि पर्ज व्हॉल्व्ह: रेग्युलेटर बिघडला, तर दाब वाढून जादा पेट्रोल जातं. पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर टाकीतली वाफ इंजिनात ओढली जाते.

दुर्लक्ष केलं तर?

न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं. तो जास्त तापून निकामी होऊ शकतो, आणि त्याचा खर्च सेन्सरच्या कितीतरी पट असतो. पेट्रोल ऑईलमध्येही मिसळतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑईलची पातळी वाढलेली दिसली, तर गाडी चालवणं टाळा. कार्बन मोनॉक्साईड वाढल्याने पीयूसीतही गाडी नापास होऊ शकते.

गॅरेजमध्ये पार्ट बदलण्याला होकार देण्याआधी फ्युएल ट्रिम आणि कूलंट तापमानाचे आकडे दाखवायला सांगा. दुरुस्तीनंतर गाडी फिरवून तेच आकडे पुन्हा पाहा. ट्रिम शून्याच्या जवळ आला, तरच दुरुस्ती झाली असं समजा.