खांद्याची अस्थिरता : शिवणीकडून हाडाकडे

बेळगाव-निपाणीचा परिसर तालमींचा आणि कबड्डीच्या मैदानांचा. म्हणूनच वारंवार निखळणारा खांदा हा विषय मी आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी निवडला आहे.

खांद्यात बाहूच्या हाडाचा गोल मोठा, तर त्याची खोबण उथळ असते. हात चहूकडे फिरतो तो या रचनेमुळेच. पण तिची किंमत स्थैर्याने मोजावी लागते. खोबणीभोवतीची कूर्चेची कड आणि अस्थिबंध गोलाला धरून ठेवतात. सांधा बहुधा पुढच्या बाजूस निखळतो आणि ती कड फाटते. ही फाटच मूळ दोष आहे, असे लंडनचे शल्यचिकित्सक बँकार्ट यांनी १९२३ साली मांडले. कड पुन्हा हाडाला शिवावी, हे त्यांचे तत्त्व आजही टिकून आहे; फक्त आता ते काम बहुधा दुर्बिणीतून होते.

मग काहींचा खांदा शिवणीनंतरही का निखळतो? बर्कहार्ट आणि डी बिअर यांनी २००० साली १९४ शस्त्रक्रियांचा आढावा घेतला. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांतील ज्या खेळाडूंच्या हाडाची मोठी झीज झाली होती, त्यांपैकी ८९ टक्क्यांचा खांदा पुन्हा निखळला. ज्यांचे हाड शाबूत होते, त्यांच्यात हे प्रमाण ६.५ टक्केच होते. कुस्तीच्या प्रदेशाने हे आकडे ध्यानात ठेवावेत.

तेव्हापासून संशोधनाचा रोख हाडाकडे वळला. सी.टी. स्कॅनवर खोबणीची झीज मोजली जाते. गोलाच्या मागे पडलेला खळगा हालचालीच्या वेळी खोबणीच्या कडेत अडकेल काय, हे ठरविण्याची रीत २०१४ साली मांडली गेली. झीज मोठी असेल तर फ्रान्सच्या लातार्जे यांनी १९५४ मध्ये वर्णिलेली शस्त्रक्रिया उपयोगी पडते : जवळच्याच हाडाचा तुकडा स्नायूंसह खोबणीच्या पुढच्या कडेला स्क्रूने बसवितात. मात्र तीत मज्जातंतूला इजा होण्याचा आणि बसविलेले हाड झिजण्याचा धोका असतो. झीज किती झाल्यावर ती करावी, हा वाद अद्याप मिटलेला नाही. पूर्वी २० ते २५ टक्के ही मर्यादा मानीत. २०१५ च्या एका अभ्यासात १३.५ टक्क्यांपुढेच शिवणीचे फळ उणावलेले दिसले.

यातून निघणारा बोध साधा आहे. खांदा जितक्या वेळा निखळेल, तितके हाड झिजते आणि साध्या शिवणीची संधी दुरावते. विशीच्या आतील खेळाडूला तो पुन्हा निखळण्याचा धोका सर्वाधिक. म्हणून आखाड्यातच हात ओढून सांधा बसवू नये. पहिल्याच वेळी क्ष-किरण तपासणी करून तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. वस्ताद, क्रीडाशिक्षक आणि पालक यांना माझी एवढीच विनंती आहे.