मुलांच्या पुस्तकांचा एजंट: कमाई नेमकी कुठे?

हा धंदा अडत्यासारखाच. माल लेखकाचा, गिऱ्हाईक प्रकाशक, मधे आपण. ब्रिटनमध्ये कमिशन साधारण 15 टक्के, परदेशी हक्कांवर 20. समजा 2000 पौंड आगाऊ मिळाले, तर एजंटला 300. चित्रपुस्तकात तर लेखक-चित्रकार रॉयल्टी वाटून घेतात, म्हणजे आपल्या लेखकाच्या वाट्यावरच कमिशन! मग पोट भरतं कशावर? हक्कांवर. भाषांतर, ऑडिओ, सिनेमा हे प्रकाशकाला एकगठ्ठा द्यायचे नाहीत, सुटे विकायचे.

लंडनच्या ख्रिस्तोफर लिटल यांनी हाती घेतलेलं ‘हॅरी पॉटर’ डझनभर प्रकाशकांनी नाकारलं. ब्लूम्सबरीने 1997 मध्ये छापलं. सौदा होईपर्यंत त्यावर एजंटची कमाई शून्य. लेखकाकडून वाचनाची फी? चांगला एजंट ती घेतच नाही. म्हणून दोन वर्षांचा घरखर्च बाजूला असेल, तरच यात उतरा.