कामण ते सोपारा : सायकलवरून एक दिवस

विलायतेत आणि अमेरिकेत जुन्या कालव्यांच्या काठाने एक अरुंद वाट असते. त्या वाटेवरून घोडे चालत आणि दोराने मालाच्या होड्या ओढीत. पुढे रेल्वे आली, होड्या गेल्या, वाटा तेवढ्या उरल्या. आज तिथे आईबाप मुलांना घेऊन दिवसभर सायकली चालवतात. आमच्या कामणला असा कालवा नाही. वसईच्या खाडीतली गलबते वाऱ्यावर नि भरती-ओहोटीवर चालत, त्यांना घोडा लागलाच नाही. तरी खाडी आणि मिठागरांच्या बाजूने जाणारा पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता आपल्यापाशी आहे, आणि तो थेट सोपाऱ्याला पोहोचतो.

सोपारा हे प्राचीन शूर्पारक बंदर. १८८२ साली तिथे भाटेळा तळ्याजवळ पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. हा आठवा लेख सहलीविषयी आहे, हे आमच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल! पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे शिकारीला नि मौजेला. अशोकाने राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीच्या स्थानी जाऊन धम्मयात्रा सुरू केली. तिच्यात वडीलधाऱ्यांची भेट, दान, खेड्यापाड्यांतल्या लोकांशी बोलणे हे असे, आणि यातच अधिक आनंद आहे असे तो सांगतो.

हे मनात धरून थंडीतल्या एका रविवारी आम्ही सातजण कामणहून निघालो. त्यांत शाळेतल्या दोन मुली आणि साठी उलटलेले एक गृहस्थ होते. चिंचोटीपर्यंतचा रस्ता अवजड ट्रकांचा आणि खड्ड्यांचा. तिथे गप्पा बंद, सगळे एका रांगेत. महामार्ग ओलांडून जूचंद्रच्या अंगाला लागलो की मोकळे वाटते. इथे मिठागरे. भरतीचे खारे पाणी आत घ्यायचे, वाफ्यावाफ्यांतून फिरवायचे, उन्हाने आटवायचे, मग मीठ ओढायचे. मुलींनी तिथल्या कामगाराला इतके प्रश्न विचारले की अर्धा तास तिथेच गेला. आम्ही घाई केली नाही. सहलीत घड्याळाकडे बघणारी माणसे आम्हाला आवडत नाहीत.

नायगावला रेल्वेवरच्या पुलावरून पश्चिमेला उतरलो आणि वसईच्या वाड्या लागल्या. केळी, भाजी, फुले, विहिरी. बाटल्यांतले पाणी संपले होते. एका घरापाशी मागितले. आजीबाईंनी तांब्या आणि पेला आमच्या हातातच दिला, आणि बसा म्हणाल्या. कोण, कुठले, आडनाव काय, काहीही विचारले नाही. आमच्यातले ते वडीलधारे गृहस्थ पेला हातात धरून क्षणभर तसेच उभे राहिले. लहानपणी गावी त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतून मिळत असे. मुलींनी कारण विचारले, तेव्हा त्यांनी सायकल हातात धरून चालत चालत सगळे सांगितले. पुढचे मैलभर कोणी सायकलवर बसले नाही.

सोपाऱ्याचा स्तूप विटांचा आहे. गावातले लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ सालीच भगवानलालांनी तो उकलला तेव्हा मध्यभागी दगडी पेटी मिळाली. तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक होते, तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, सोन्याचा. भोवती आठ छोट्या ब्राँझमूर्ती. आणि आत भिक्षापात्राचे मानलेले तुकडे. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे आणि तो शिलालेखही मुंबईतच आहे. तेव्हा स्तूपापाशी पाहायला नुसत्या विटा आणि हिरवळ उरते. मुलांना ही हकीकत आधी घरी सांगून न्यावे, नाही तर ती पाच मिनिटांत कंटाळतात. आम्ही वंदना घेतली, डबे सोडले, भाकरी-ठेचा सर्वांनी वाटून खाल्ला.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी चार शब्द. गिअरची सायकल लागत नाही. ब्रेक आणि हवा मात्र आदल्या रात्रीच पाहावी. पंक्चरचे सामान आणि माणशी दोन बाटल्या पाणी घ्यावे. लहान मूल रांगेच्या मध्ये, जाणते माणूस शेवटी. पावसाळ्यात हा बेत करू नये. दुपारी तीनच्या आत सोपारा सोडावे, म्हणजे चिंचोटी-कामणचा ट्रकांचा टप्पा उजेडात पार पडतो.